पिंपाला नावं ठेवणारा बाप

माझा भाऊ लायल बोलायला गोड झाला तेव्हा आम्ही सगळे घाबरलो.

त्याआधी साठ वर्षं त्याने कशालाही चांगलं म्हटलं नव्हतं. चीजच्या कारखान्यात तो चव बघायच्या नोकरीवर होता. चमचाभर चीज जिभेवर ठेवायचं आणि त्याची कुंडली मांडायची, एवढंच काम. विस्कॉन्सिनमध्ये अशा माणसाला पाद्र्याच्या खालोखाल मान असतो. निवृत्त झाल्यावर ती जीभ त्याने पुरतीच बिअरकडे वळवली. जिल्ह्याच्या जत्रेत घरगुती बिअरची स्पर्धा असते, तिथला परीक्षक तो. पन्नासपैकी गुण द्यायचे असतात. अडतीसच्या वर त्याने जन्मात कुणाला दिले नाहीत, आणि ते अडतीसही स्वतःच्याच बिअरला, नाव झाकलेलं होतं म्हणून.

मग तीन वर्षांपूर्वी त्याचं पोट बिघडलं ते सुधरेना. वीस किलो उतरला. शेवटी डॉक्टरने सांगितलं, सिलियाक. गहू बंद, राय बंद, जव बंद. म्हणजे पाव बंद, केक बंद, आणि बिअर कायमची बंद. आमच्या गावात शुक्रवारी तळलेल्या माशाबरोबर बिअर न घेणारा माणूस एक तर आजारी असतो नाहीतर परगावचा.

एकदा, सवयीने, त्याने कढईतल्या, गव्हाचं पीठ लावलेल्या रश्श्याचा चमचा चाटला. एकच चमचा. चार दिवस न्हाणीघराच्या फरशीवर पडून होता. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात, हा तर पाणीसुद्धा बाटलीवरचं लेबल वाचून प्यायला लागला. ते एक वेळ ठीक. पण त्यानंतर तो कशालाच नावं ठेवीना. तांदळाच्या पिठाची भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी भाकरी खाऊन म्हणायचा, "छान आहे." माझं मटण करपलं, तरी "छान आहे." मी घरी येऊन रडले. माझा नवरा व्हर्न म्हणाला, "अगं, चांगलं म्हणाला ना?" नवरे असेच असतात.

आता आमच्या गुरुवारच्या मंडळींबद्दल सांगते. बर्नी कोसेकच्या तळघरात दर गुरुवारी चार वाजता आम्ही जमतो. बर्नी प्लंबर होता, त्यामुळे त्याच्याकडे नळ्या अगणित. सगळे आळीपाळीने बिअर करतात, मी चाळीस वर्षं बाटल्या धुते. कुणी मला सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी बाटल्या घाण दिसल्या म्हणून धुतल्या आणि मग जन्मभर धुतच राहिले. तोंडाळ बाईचं असं कसं झालं हे मलाही कळलेलं नाही.

बर्नीच्या फ्रीजमध्ये लोणच्याच्या बरणीत एक यीस्ट आहे. त्याला आम्ही आजीबाई म्हणतो. बावीस वर्षं ते जिवंत आहे. एक बिअर झाली की तळाशी जो गाळ बसतो तो काढून बरणीत ठेवायचा आणि पुढच्या बिअरमध्ये घालायचा, असं बावीस वर्षं चाललंय. बर्नी फ्लोरिडाला लेकीकडे जातो तेव्हा आजीबाईला बर्फाच्या पेटीत घालून सोबत नेतो, बायकोला मात्र बहिणीकडे ठेवतो. आणि मंडळींचा एक नियम आहे. कुणाच्या पिंपातून दिवसभरात बुडबुडे आले नाहीत, तर ज्याला ते दिसेल त्याने गुपचूप आजीबाईचा एक डाव त्यात घालायचा. विचारायचं नाही, आणि नंतर बोलायचंही नाही. बिअर उठली नाही की माणसाची मान खाली जाते, ती जाऊ द्यायची नाही. आमच्या पंचक्रोशीत प्रेम व्यक्त करायची हीच पद्धत, बाकी आम्ही फार बोलत नाही.

यंदा एप्रिलात लायलच्या मुलीचं, केर्स्टनचं, लग्न ठरलं. सप्टेंबरचा शेवटचा शनिवार. आमच्या टोलफसनांच्या घरात मुलीच्या लग्नाचं पिंप बापाने करायचं असतं. नाच सुरू होण्याआधी बाप पहिला पेला उभ्याने पितो आणि सगळ्यांसमोर त्या बिअरमधला एक दोष सांगतो. दोष सांगितल्याशिवाय वाजंत्री सुरू होत नाही. निर्दोष पिंपावर लग्न लावलं तर नवराबायको एकमेकांकडूनही तीच अपेक्षा करतात, असं आमची आजी म्हणायची. माझ्या लग्नात वडील म्हणाले होते, "थोडी कडू झालीय." व्हर्न अजून भांडणात ते वाक्य काढतो.

केर्स्टनने विचारलं, "बाबा, पिंपाचं काय?"

लायल म्हणाला, "दुकानातून आणू या. मी पेला ओठाला लावल्यासारखं करेन आणि म्हणेन, छान आहे."

पोरीचा चेहरा पडला. मी तिची आत्या आहे, मला दिसलं. माझं डोकं सणकलं.

"लावल्यासारखं करेन म्हणजे काय?" मी म्हणाले. "तू काय नाटकात काम करतोयस? जव नाही चालत ना तुला? मग जवाशिवाय करू. मी करते."

"तू?" बर्नी म्हणाला.

"का? बाटल्या धुताना माझे डोळे मिटलेले नव्हते."

सगळे हसले. लायल हसला नाही. तो मायेने म्हणाला, "छान होईल, आर्डिस." मी त्याला तिथेच बाटलीने मारणार होते.

मे महिन्यात मी गॅरेज रिकामं केलं. बर्नीच्या तळघरात जवाचा भुगा भिंतींच्या भेगांत गेलेला, आणि माझ्या स्वयंपाकघरात व्हर्नच्या पॅनकेकचं पीठ छताला. म्हणून गॅरेज. टोमॅटो बाटलीबंद करायचं मोठं पातेलं धुतलं, त्याने कधी जव पाहिला नव्हता. बादल्या नव्या, नळ्या नव्या, डाव नवा. दारावर पाटी लावली: पाव खाऊन आत येऊ नये.

पहिला प्रयत्न कुट्टू नावाच्या तिकोनी दाण्याचा. पुस्तकात लिहिलं होतं, कुट्टूला खमंग वास येतो. पुस्तक लिहिणाऱ्याने बहुधा ओला गोठा कधी हुंगला नसावा. शिवाय ती बिअर पूर्ण उठायच्या आत मी बाटल्यांत भरली, उतावळेपणाने. जूनच्या एका दुपारी झाकणं उडायला लागली. पहिलं छताला, दुसरं गाडीच्या काचेला. व्हर्न शिकारीचं नारिंगी जाकीट आणि डोक्यावर कढई घालून आत शिरला आणि एकेक बाटली उचलून मागच्या खड्ड्यात फेकू लागला. "शरण या!" असं तो बाटल्यांना ओरडत होता. शेजारच्या बाईंनी शेरीफला फोन केला. शेरीफचा माणूस आला, एक उरलेली बाटली चाखली आणि म्हणाला, "हा गुन्हा आहे, पण माझ्या खात्यातला नाही."

दुसरा प्रयत्न ज्वारीच्या काकवीचा. तोंडात तांब्याचं नाणं धरल्यासारखं लागत होतं. ती मी व्हर्नच्या मुळ्यांना घातली. मुळे मेले.

तिसरा बिटाचा. रंग काय सुरेख! माणिकासारखा. मी आणि व्हर्न अंगणात बसून दोन-दोन पेले प्यायलो आणि मला वाटलं, जमलं. चव जरा मातीची होती, पण रंगापुढे कोण बघतंय. दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरातून हाक आली.

"आर्डिस! डॉक्टरला बोलाव! मी चाललो!"

"कुठे?"

"वर! सगळं लाल आहे!"

मी दाराबाहेर फरशीवर बसून हसत राहिले. उठताच येईना. आतून व्हर्न मृत्युपत्र सांगत होता, होडी बर्नीला, बंदूक लायलला. मला काय, ते येईपर्यंत मी बीट हा शब्द कसाबसा उच्चारला. बाहेर येऊन तो म्हणाला, "होडी बर्नीला देत नाही."

जुलै संपला. लायल अधूनमधून गॅरेजच्या दारात येऊन उभा राहायचा. आत यायचा नाही. नाक जरासं हलायचं त्याचं, तेवढंच. मग म्हणायचा, "छान चाललंय," आणि जायचा. मी त्याच्या पाठीकडे बघून दात खायची.

पुढचं धान्य वरी. मोड आणून वाळवलेली वरी मी पोत्याने मागवली. पण वरी फार हट्टी. जव कसा शहाणा असतो, कोमट पाण्यात घातला की आपलं पीठ आपणच साखर करून देतो. वरीचं पीठ उकळल्याशिवाय सुटत नाही, आणि उकळलं की त्याची साखर करणारा तिच्यातला रस मरतो. म्हणजे दार उघडायला जावं तर किल्ली वितळते. पहिल्या खेपेला माझ्या पातेल्यात नुसती खीर झाली. एवढी घट्ट की डाव उभा राहिला. व्हर्नने दूध-साखर घालून नाश्त्याला तीन दिवस खाल्ली.

मग एका रविवारी मी रताळी भाजत होते. मोठ्या आचेवर भाजली तर ती साधीच लागतात, पण मंद आचेवर दोन तास ठेवली तर पाकात घातल्यासारखी होतात, हे मला लहानपणापासून ठाऊक. त्या दिवशी हातात चिमटा धरून मी चुलीपुढे उभी राहिले आणि स्वतःला विचारलं, बये, ही साखर येते कुठून? रताळ्याच्या आत बसलेलाच कुणीतरी ती करत असणार! काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी उरलेली कच्ची रताळी एप्रनमध्ये भरली आणि गॅरेजमध्ये पळाले. रविवारचं जेवण करपलं. पाहुणे आलेले होते, त्यांना व्हर्नने सँडविच दिली.

वरीची खीर केली, ती हात सोसेल त्याहून थोडी गरम असेपर्यंत निवू दिली, आणि त्यात कच्ची रताळी किसून ढकलली. उकळायच्या आधी काढून ठेवलेलं, रस जिवंत असलेलं वरीचं कोमट पाणीही घातलं. मग ढवळत बसले. अर्ध्या तासाने डाव हलका लागायला लागला. एका तासाने उभा राहणारा डाव आडवा पडला. खिरीचं पाणी झालं होतं, आणि ते पाणी गोड! औषधाच्या पेटीतलं आयोडीन आणून एक थेंब बशीत टाकला. पीठ उरलं असतं तर तो निळा झाला असता. तो तपकिरीच राहिला. मी एकटीच गॅरेजमध्ये नाचले. सदुसष्ट वर्षांची बाई, एप्रन, हातात किसणी. शेजारच्या बाईंनी पुन्हा फोन केला असेल तर मला माहीत नाही.

तांदळाची तुसं घालून ते गाळलं, बिअरला कडवटपणा देणारे हॉप्सचे सुके कळे घालून उकळलं, थंड केलं, आणि पाकिटातलं कोरडं यीस्ट घातलं. जव न लागलेलं, तसं पाकिटावर ठळक छापलेलं. दुसऱ्या दिवशी बुडबुडे नाहीत. जीव टांगणीला लागला, पण मला केस कापायला जायचं होतं. दुपारी परत आले तर पिंप गदगदा हसत होतं. झाकणावरच्या नळीतून बुडबुडे असे येत होते की मोजता येईनात. मी पिंपाची पापी घेतली.

ती बिअर झाली, काय सांगू! सोनेरी, वर पांढरा फेस, वास जर्दाळूचा आणि रताळ्याच्या भाजल्या सालीचा. सप्टेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी मी सगळ्यांना माझ्या गॅरेजमध्ये बोलावलं. अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून यायचं, अशी ताकीद दिली. बर्नी तर टाय लावून आला.

लायलने पाकीट मागितलं. चष्मा लावून दोन्ही बाजू वाचल्या. पोत्यावरचा कागद वाचला. पातेलं हुंगलं. मी गप्प उभी, आयुष्यात पहिल्यांदा. मग त्याने पेला हातात घेतला. तीन वर्षांनी! उजेडाकडे धरला, तिरका केला, नाक आत घातलं. त्याचे डोळे मिटले. मी बघत होते, त्याच्या कपाळावर ती जुनी आठी यायला लागली होती. दोष सापडत असतानाची आठी. मी एप्रनचं टोक डोळ्यांना लावलं.

बर्नीलाही भरून आलं असणार. तो हळवा आहे. त्याने आपला पेला वर केला आणि भरल्या आवाजात म्हणाला, "आजीबाईच्या नावाने! कधी दगा दिला नाही म्हातारीने."

पेला लायलच्या ओठाला टेकला होता.

मी उडी मारली. कशी ते विचारू नका, माझे दोन्ही गुडघे बदललेले आहेत. माझा हात त्याच्या मनगटावर बसला, पेला उडाला, भिंतीवर फुटला आणि अख्खी बिअर लायलच्या सदऱ्यावर.

"थुंक!" मी ओरडले. "थुंक आधी!"

"अजून प्यायलोच नाही," लायल म्हणाला.

"बर्नी, तू काय केलंस?"

बर्नी पांढराफटक पडला. "तू नव्हतीस ना त्या दिवशी. केस कापायला गेली होतीस. मी सहज आलो, तर बुडबुडे नव्हते. मला वाईट वाटलं गं. एवढी राबलीस तू. म्हणून एक डाव..."

"आजीबाईचा?"

"आजीबाईचा."

"बावीस वर्षं जवाच्या गाळात लोळलेल्या आजीबाईचा?"

त्याने आपल्या हाताकडे पाहिलं. मग त्याला कळलं. तो खुर्चीत बसला आणि टायने डोळे पुसायला लागला. मला त्याचा गळा धरायचा होता, पण त्याची तरी काय चूक? मीसुद्धा हेच केलं असतं. याच मंडळींपैकी एका माणसाच्या पिंपात, त्याला न सांगता, मी हेच केलेलं आहे. ते कुणाचं पिंप हे मी इथे सांगणार नाही, तो माझ्याच घरात झोपतो.

लग्नाला सोळा दिवस. पाच महिने गेले होते. मी खाली बसले, काचांच्या शेजारी.

आणि लायल? तो आपल्या ओल्या सदऱ्याचं टोक बोटांत धरून नाकाशी नेत होता. एकदा हुंगलं. पुन्हा हुंगलं. सगळे त्याच्याकडे बघत राहिले. तो दाराबाहेर गेला, गाडीत बसला, आणि तसाच सदरा नाकाला लावून गेला. एका हाताने गाडी चालवत.

"संपलं," व्हर्न म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता गॅरेजच्या दारावर थाप पडली. लायल उभा होता. काखेत त्याचा जुना लांब थर्मामीटर, पायात नवे रबरी बूट.

"रताळी किती घातली होतीस?" त्याने विचारलं. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"चार किलो."

"फार होतात. सदऱ्याला अजून वास आहे. आणि आच?"

"हात सोसेल त्याहून थोडी जास्त."

"हात सोसेल!" तो ओरडला. "हात कुणाचा? तुझा हात? तुझ्या हाताला तर उकळतं तेल सोसतं! हे काय माप झालं, आर्डिस?"

मला एवढा आनंद झाला की मी त्याला आत ओढलं आणि दार लावून घेतलं.

दिवसभर तो माझ्यावर खेकसत होता. कीस जाड आहे. डाव असा का धरतेस, होडी वल्हवतेयस का? तुसं धुतली का? पुन्हा धू. मीही कमी नाही. म्हटलं, चाळीस वर्षं तुझ्या बाटल्या धुतल्या, आता तू माझी तुसं धू. त्याने धुतली. बर्नीला आत यायची बंदी होती. व्हर्नने गॅरेजसमोर खडूची रेघ ओढली, आणि बर्नी रेघेपलीकडे अंगणातल्या खुर्चीत, दुर्बीण घेऊन. टाय तोच. काहीतरी काम द्या म्हणाला, म्हणून त्याला बुडबुडे मोजायचं काम दिलं.

पाकिटातलं यीस्ट घातलं शुक्रवारी चारला. शनिवारी सकाळी बुडबुडे नाहीत. दुपारी बारालाही नाहीत.

"शून्य," बर्नी रेघेपलीकडून ओरडला. मग थोड्या वेळाने, "अजून शून्य." मग अगदी हळू, "लायल, मी म्हणत नाही, पण एक चमचा..."

"बर्नी!" आम्ही दोघं एकदम.

"मी फक्त म्हटलं. हात माझे खिशात आहेत."

असा दिवस मी पाहिलेला नाही. चार माणसं एका पिंपाकडे बघत बसलेली, कुणाला काही करायची मुभा नाही. हात शिवशिवत होते. लायल स्वतःच्या हातांवर बसला होता, खरंच, मांड्यांखाली घेऊन. मी त्याला विचारलं, "नाहीच उठलं तर?"

त्याने एक हात मांडीखालून काढला आणि पुन्हा आत घेतला. मग म्हणाला, "तर मी हॉलमध्ये उभा राहून छान आहे म्हणेन, आणि ते मला नको आहे. तीन वर्षं मी छान आहे म्हणतोय ना, ते मला काही लागतच नाही म्हणून. कशाचीच चव लागेना गं. तुम्हाला वाटलं, मी सुधारलो."

"आम्हाला वाटलं, तू मेलास," मी म्हणाले.

मग मी उठले आणि पिंपाला हात लावला. गार! सप्टेंबर आहे, जमीन सिमेंटची, आणि हा शहाणा परीक्षक कालपासून थर्मामीटर घेऊन बसलाय तो नुसता हवेत धरून. मी व्हर्नचं शिकारीचं पांघरूण आणलं, पिंपाला गुंडाळलं, खाली लाकडाची फळी सरकवली. वर माझी लोकरीची टोपी घातली, तिचा उपयोग काही नव्हता, पण बरं दिसत होतं.

तीन वाजून दहा मिनिटांनी बर्नी खुर्चीवर उभा राहिला.

"एक!"

आम्ही तिघं नळीवर वाकलो.

"दोन! लायल, दोन! पोरांनो, तीन!"

खुर्ची मोडली. बर्नी गवतात पडला आणि पडल्या पडल्या मोजत राहिला. व्हर्नने मला उचलायचा प्रयत्न केला, त्याची कंबर धरली. लायल मोठमोठ्याने हसत होता. साठ वर्षांत तो असा हसल्याचं मला आठवत नाही, त्याला हसणं जमतही नव्हतं, ठसका लागल्यासारखं वाटत होतं.

लग्नाच्या दिवशी फायर स्टेशनच्या हॉलमध्ये एकशे चाळीस माणसं होती आणि आमचं पिंप पन्नास पेल्यांचं. बाकीच्यांना दुकानची. पिंपाला अजून माझी टोपी होती, केर्स्टनने काढू दिली नाही. अकॉर्डियनवाला पट्टा खांद्यावर घेऊन तयार. केर्स्टन पांढऱ्या झग्यात पुढे आली आणि आमच्या घरात म्हणतात तसं म्हणाली, "बाबा, पिंपात काय उणं आहे?"

लायलने नळ फिरवला. पहिला पेला स्वतः भरला. बर्नी माझ्या शेजारी उभा, दोन्ही हात खिशात. त्या आठवड्यात त्याने ते बाहेरच काढले नव्हते.

लायल प्यायला. एक घोट. मग दुसरा. डोळे मिटून तो इतका वेळ उभा राहिला की अकॉर्डियनवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी मनात म्हणत होते, देवा, छान म्हणू देऊ नकोस. काहीही म्हणू दे, छान म्हणू देऊ नकोस.

त्याने डोळे उघडले. कपाळावर आठी होती, तिन्ही वर्षांची एकदम.

"पातळ आहे," तो म्हणाला.

केर्स्टनने तोंडावर हात धरला.

"फेस दोन मिनिटं टिकत नाही. रताळं शेवटी जिभेवर येऊन बसतं आणि उठायचं नाव घेत नाही. हॉप्स कुणीतरी मोजून घातलेत आणि ते माप चुकलंय. अजून एक महिना ठेवायला हवी होती. वरी आधी भाजायला हवी होती. आणि ढवळली कुणी, हे आंधळ्यालाही कळेल."

"एकच दोष सांगायचा असतो, बाबा!" केर्स्टन हसत होती आणि तिचं काजळ गालांवर आलं होतं.

"मला सात सापडले. मी काय करू?" लायल म्हणाला. तोही रडत होता, पण आवाज मात्र जत्रेतल्या परीक्षकाचा. "आठ. थोडी गोड आहे. पन्नासपैकी एकतीस."

हॉलमध्ये जो आरडाओरडा झाला त्यात अकॉर्डियन बुडून गेलं. बर्नीने खिशातून हात काढले आणि व्हर्नला मिठी मारली. मला माझ्या अख्ख्या आयुष्यात एवढी नावं एका दमात कुणी ठेवली नव्हती, आणि मी तिथे उभी राहून मान हलवत होते, एप्रिलपासूनचे सगळे दिवस हिशेबाला लागल्यासारखी.

लायल गर्दीतून माझ्यापुढे आला. रिकामा पेला पुढे केला.

"बत्तीस," तो हळूच म्हणाला, मला एकटीलाच ऐकू जाईल असं. "भर पुन्हा."

मी भरला, अगदी काठापर्यंत. फेस दोन मिनिटांत बसला, तोवर त्याने अर्धा संपवला होता.